0.099 गुण आणि 28 महिने : ओलेग वेर्न्यायेवचं प्रकरण

प्रशिक्षकांच्या वर्गात हे प्रकरण घेतलं की चर्चा ठरल्यासारखी एकाच ठिकाणी जाऊन अडते. रिओ ऑलिंपिक, 2016, आणि ज्यांनी जिम्नॅस्ट ओलेग वेर्न्यायेवचं सुवर्ण हुकलं ते 0.099 गुण. परीक्षकांनी थोडा हात सैल सोडला असता तर? उतरताना तो पाय हलला नसता तर? फळ्यावर आकडे मांडले जातात, आवाज चढतात, अर्धा तास कसा जातो कळत नाही. मी जो कागद वाटतो त्याच्या मागच्या बाजूला चार-पाच तारखा असतात. कागद उलटायला कुणाला फुरसत नसते.

माझ्या मते या कारकिर्दीचा पेच त्या मागच्या बाजूला आहे. 0.099 गुण गेले ते दोन तासांच्या स्पर्धेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पुढे 28 महिने गेले ते उत्तेजक चाचणीच्या कागदपत्रांत, आणि तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

प्रकरण अभ्यासात नाव झाकायची पद्धत आहे. इथे ती निरर्थक ठरते. युक्रेनचा, डोनेत्स्कचा, एकाच ऑलिंपिकमध्ये ऑल-अराउंडचं (सहाही साधनांवरच्या गुणांची बेरीज) रौप्य आणि पॅरलल बारचं (दोन समांतर दांड्या) सुवर्ण, एवढं लिहिलं की जिम्नॅस्टिक्स बघणारा माणूस नाव सांगतो. शिवाय घडलं ते सगळं जाहीर नोंदींत आहे. म्हणून ओलेग वेर्न्यायेवचं नाव घेतो. त्याच्या आसपासच्या डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची नावं आपल्याला लागणार नाहीत.

पार्श्वभूमी

जन्म 29 सप्टेंबर 1993, डोनेत्स्क. कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्यांचं शहर. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ऑल-अराउंड जिंकणारी लिलिया पोदकोपायेवा याच गावची, त्यामुळे तिथल्या पोरांना ऑलिंपिक विजेता ही टीव्हीतली गोष्ट वाटत नसावी. पुढे ओलेग कीव्हच्या दक्षिणेला कोंचा-झास्पा इथल्या ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रात हेन्नादी सार्तिन्स्की यांच्या हाताखाली तयार झाला.

2012 च्या लंडन ऑलिंपिकला तो 18 वर्षांचा होता. सांघिक अंतिम फेरी संपली तेव्हा फलकावर युक्रेन तिसरा होता. चीन, ब्रिटन, युक्रेन. जपान चौथा. मग जपानच्या प्रशिक्षकांनी शुल्क भरून हरकत घेतली. कोहेई उचिमुराच्या पॉमेल हॉर्सवरच्या (हातांनी धरायच्या मुठी असलेला घोडा) डिसमाउंटची, म्हणजे शेवटी उतरण्याच्या कसरतीची, काठिण्य-किंमत धरलीच गेली नाही, असा त्यांचा दावा होता. पंचांनी तो मान्य केला, उचिमुराला 0.7 गुण वाढवून मिळाले आणि जपान चौथ्यावरून थेट दुसरा झाला. ब्रिटन तिसरा. युक्रेन चौथा. काही मिनिटं ज्यांच्या गळ्यात कांस्यपदक जवळजवळ पडलं होतं, त्या पाच पोरांत ओलेग होता.

हा प्रसंग लक्षात ठेवा. नियमाप्रमाणे निर्णय बरोबर असतो आणि तरीही तो कुणाच्या तरी तोंडचा घास काढून घेतो, हे या माणसाने अठराव्या वर्षी पाहिलं होतं.

पहिला निर्णय : जायचं की राहायचं

लंडनचा तो संघ पाच जणांचा होता: मिकोला कुक्सेन्कोव्ह, विताली नाकोनेच्नी, इगोर रादिविलोव्ह, ओलेग स्टेप्को आणि वेर्न्यायेव. कुक्सेन्कोव्ह लंडनच्या ऑल-अराउंडमध्ये चौथा आला होता, म्हणजे संघाचा कणाच. तो रशियाकडे गेला आणि रिओत रशियाच्या रौप्यविजेत्या संघात दिसला. स्टेप्को अझरबैजानकडे गेला. पेत्रो पाख्न्यूक हा आणखी एक चांगला जिम्नॅस्टही काही काळ अझरबैजानकडून खेळला आणि नंतर परत आला.

जाणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं असतं. जिम्नॅस्टची कमाईची वर्षं मोजून आठ-दहा. त्यात एक मोठी दुखापत धरलेलीच. दुसरा देश पगार देतो, घर देतो, वैद्यकीय खर्च उचलतो. वर्गात मी विचारतो, तुमचा मुलगा असता तर काय सांगितलं असतं? तेव्हा शांतता पसरते, आणि ती शांतता प्रामाणिक असते.

2014 मध्ये डोनेत्स्क कीव्हच्या ताब्यातून गेलं. ओलेगचं गाव आता रणभूमी होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या नानिंगला तो पॅरलल बारचा जगज्जेता झाला. त्याच्यासमोरचे रस्ते साधारण तीन होते. कुक्सेन्कोव्ह किंवा स्टेप्कोसारखं झेंडा बदलणं. देशात राहून सरकारी मानधनावर भागवणं. किंवा देशात राहायचं आणि कमाई बाहेर शोधायची, म्हणजे मिळेल त्या विश्वचषक मालिकेत आणि क्लब लीगमध्ये उतरायचं.

त्याने तिसरा रस्ता धरला. जर्मनीतल्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लब लीगमध्ये, बुंडेसलिगात, तो क्लबकडून खेळायचा, विश्वचषक मालिकेत सतत दिसायचा. 2015 मध्ये माँपेलियेला युरोपचा ऑल-अराउंड विजेता, त्याच वर्षी बाकूच्या युरोपियन गेम्समध्येही ऑल-अराउंडचा विजेता. त्या पिढीतल्या अव्वल जिम्नॅस्टांत इतक्या स्पर्धा खेळणारा दुसरा दाखवणं कठीण. बाकीचे वर्षातून तीन-चार वेळा शिखर गाठायची आखणी करत, हा घाण्याला जुंपल्यासारखा दर आठवड्याला फिरत होता.

ग्लासगोच्या 2015 च्या जागतिक स्पर्धेतलं पॅरलल बारचं पदक वितरण या प्रकरणाचं चित्र म्हणून पुरेसं आहे. रौप्य वेर्न्यायेवला. कांस्य दोघांत विभागून, त्यातला एक स्टेप्को, अझरबैजानच्या पोशाखात. तीन वर्षांपूर्वी दोघे एकाच बाकावर बसून तो बदललेला फलक बघत होते.

राहण्याचा निर्णय चांगला की वाईट, हे मी ठरवत नाही. त्याची किंमत मात्र मोजता येते. राहायचं तर खेळत राहायचं, आणि खेळत राहायचं तर शरीर वर्षभर दुरुस्तीला लागलेलं. दुरुस्ती आली की गोळ्या, ड्रिप, पूरक आहार आले. पुढे येणाऱ्या प्रकरणाशी याचा थेट संबंध मी जोडत नाही. पण प्रशिक्षकाने ही साखळी डोक्यात ठेवावी.

रिओ : 0.099

ऑल-अराउंडची अंतिम फेरी 10 ऑगस्ट 2016 ला होती. दोन दिवस आधीच्या सांघिक अंतिम फेरीत युक्रेनचा एक खेळाडू दुखापतीमुळे उतरू शकत नव्हता. त्या फेरीत प्रत्येक साधनावर तिघे उतरतात आणि तिघांचेही गुण धरले जातात. एक माणूस कमी पडला की हिशेबच कोलमडतो. युक्रेनने सांघिक पदकावर पाणी सोडलं, काही ठिकाणी पूर्ण रुटीन (साधनावरची ठरलेली सलग कसरत) केलंच नाही आणि आठवा क्रमांक घेतला. लोकांनी नाकं मुरडली. मला तो निर्णय योग्य वाटतो: जे मिळणारच नव्हतं त्यासाठी ओलेगला झिजवण्यात अर्थ नव्हता.

पाच साधनं झाली तेव्हा ओलेग उचिमुरापेक्षा 0.901 गुणांनी पुढे होता. उचिमुरा म्हणजे लंडनचा विजेता आणि 2009 पासून ओळीने सहा वेळा जगज्जेता. राहिला होता हॉरिझॉन्टल बार, म्हणजे उंचावरची आडवी दांडी. उचिमुराची पाठ दुखत होती, तरी त्याने रुटीन पूर्ण करून जमिनीवर खिळा ठोकल्यासारखं लँडिंग केलं. 15.800. ओलेगला सुवर्णासाठी 14.900 पुरे होते. त्याच्यासाठी हा आकडा आवाक्यातला होता. रुटीन सरळ गेलं. उतरताना मात्र पाय जागेवर राहिले नाहीत. 14.800. बेरीज 92.365 विरुद्ध 92.266.

आता थोडं गुणांच्या पोटात शिरू, कारण इथेच सगळे घसरतात. लँडिंगला लहानसं पाऊल हललं तर 0.1 कापतात, मोठं असेल तर 0.3. म्हणजे नियमातली सगळ्यात लहान वजावटसुद्धा सुवर्ण आणि रौप्यातल्या फरकापेक्षा मोठी आहे. पण अंमलबजावणीचे, म्हणजे कसरत किती निर्दोष झाली याचे, गुण एका परीक्षकाचे नसतात. वरचे-खालचे गुण टाकून मधल्यांची सरासरी काढतात, तीन दशांश स्थळं तिथूनच येतात. म्हणजे एखाद्या परीक्षकाला गुडघ्यातला वाक दिसला आणि शेजारच्याला नाही, तर फरक 0.033 इतका बारीकही असू शकतो. 0.099 म्हणजे असे तीन कण. ते कुठल्या एका पावलावर मोडले असं म्हणणं कथा सांगायला बरं. प्रत्यक्षात सहा साधनांवर विखुरलेले पन्नास-एक घटक आणि प्रत्येकावर टिपलेल्या वजावटी असतात. कुठलाही कण उचलून दाखवता येतो.

पत्रकार परिषदेत उचिमुराला विचारलं गेलं की परीक्षक तुमच्या बाजूला झुकतात का. उत्तर ओलेगनेच दिलं. असले प्रश्न निरर्थक आहेत, गुण रास्त आहेत, हा त्याचा रोख होता. बावीस वर्षांच्या मुलाने, जेमतेम तासाभरापूर्वी सुवर्ण निसटलेलं असताना.

सहा दिवसांनी पॅरलल बारची अंतिम फेरी होती. या साधनाचा एक विधी सामान्य प्रेक्षकाला विचित्र वाटतो. रुटीनआधी खेळाडू आणि प्रशिक्षक बारपाशी जाऊन पाणी मारतात, कुणी मध चोपडतं, कुणी साखरेचा पाक, वर मॅग्नेशियमची पूड, आणि तळहाताने घासत राहतात. आधीच्या खेळाडूचा थर आवडला नाही तर खरवडून काढतात. हाताला चिकटपणा हवा, पण सुटायच्या क्षणी हात सुटलाही पाहिजे. चिकटणं आणि सुटणं यांतलं हे प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. ओलेगचं त्या दिवशी जमलं: 16.041, सुवर्ण. अमेरिकेचा डॅनेल लेव्हा 15.900 वर दुसरा. रिओत युक्रेनला मिळालेली सुवर्णपदकं दोनच, त्यातलं हे एक. दुसरं कनूइंगमधल्या युरी चेबानचं.

इथपर्यंत ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

पेच

2017 मध्ये क्लुज-नापोकाला तो पुन्हा युरोपचा ऑल-अराउंड विजेता झाला. 2019 मध्ये श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत ऑल-अराउंडचं कांस्य. टोकियोच्या वेळी तो 26 वर्षांचा असणार होता, म्हणजे पुरुष जिम्नॅस्टसाठी ऐन भर. मग महासाथ आली आणि 2020 चं ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं.

आता कागद उलटा.

26 ऑगस्ट 2020 : स्पर्धेबाहेरच्या चाचणीत त्याचा नमुना घेतला.
5 नोव्हेंबर 2020 : तात्पुरतं निलंबन.
जुलै 2021 : चार वर्षांची बंदी, 4 नोव्हेंबर 2024 पर्यंत. टोकियो सुरू व्हायला थोडे दिवस.
मार्च 2023 : लोझानच्या क्रीडा लवादाने बंदी दोन वर्षांवर आणली.

नमुन्यात सापडलं होतं मेल्डोनियम. हे लॅटव्हियात शोधलेलं हृदयविकारावरचं औषध, मिल्ड्रोनेट या नावाने विकलं जातं. एकेकाळच्या सोव्हिएत देशांत ते इतकं सर्रास वापरलं जाई की खेळाडूच काय, थकवा आलेला कारकूनही घेई. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, वाडाने, 1 जानेवारी 2016 पासून त्यावर बंदी घातली. पहिल्या काही महिन्यांत दीडशेहून जास्त खेळाडू सापडले. टेनिसमधली मारिया शारापोवा त्यातलीच. तेव्हा यादी बदलल्याचं ध्यानात आलं नाही, ही सबब निदान ऐकून घेतली जायची. 2020 मध्ये ती सबब मेली होती. त्या प्रदेशातल्या एकाही खेळाडूला मेल्डोनियम बंद आहे हे ठाऊक नसणं शक्य नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण दोन्ही बाजूंनी विचित्र दिसतं. मुद्दाम घ्यायचं तर जगातल्या सगळ्यात सहज सापडणाऱ्या गोष्टींपैकी एक कोण घेईल? आणि मुद्दाम नाही, तर शरीरात आलं कुठून?

एक कडवट हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. टोकियो ठरल्या वेळी झालं असतं तर 9 ऑगस्ट 2020 ला संपलं असतं. नमुना घेतला गेला त्यानंतर सतरा दिवसांनी.

समोरचे पर्याय

उत्तेजकांच्या नियमात पहिलं तत्त्व असं की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. हेतू होता की नव्हता, हा प्रश्न दोष ठरवताना येत नाही, शिक्षा ठरवताना येतो. मेल्डोनियमसारख्या पदार्थाला मुळातली शिक्षा चार वर्षं. हेतू नव्हता हे खेळाडूने दाखवलं तर दोन. चूकही फारशी नव्हती हे दाखवता आलं तर आणखी कमी, पण त्यासाठी पदार्थ कुठून आला हे सहसा सिद्ध करावं लागतं. सिद्ध करायचं ओझं खेळाडूवर. इथे फौजदारी कायद्याची सवय असलेले वाचक हमखास गोंधळतात.

या चौकटीत त्याच्यापुढे काय होतं?

एक, कबुली देऊन शिक्षेत सूट मागणं. वाडाच्या 2021 पासूनच्या संहितेत चार वर्षांच्या शिक्षेला लवकर कबुली दिली तर एक वर्ष कमी होतं. पण त्यात आपण केलं असं लिहून द्यावं लागतं. जाणूनबुजून घेतलेलं नाही असं म्हणणाऱ्याला ही सही कशी करता येईल?

दोन, जिम्नॅस्टिक्स एथिक्स फाउंडेशनसमोर लढणं. ही आंतरराष्ट्रीय महासंघापासून वेगळी ठेवलेली शिस्तपालन यंत्रणा, 2019 मध्ये सुरू झालेली.

तीन, तिथे हरल्यास क्रीडा लवादाकडे अपील. त्याला पैसा लागतो, वकील लागतो, आणि सगळ्यात जास्त वेळ लागतो.

भारतीय वाचकांना इथे दीपा कर्माकर आठवेल, आणि आठवायलाच हवी. रिओतच, त्याच आठवड्यात, व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) तिचं कांस्य 0.150 गुणांनी हुकलं होतं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या नमुन्यात हायजेनामाइन हा बंदी असलेला पदार्थ सापडला. अजाणता पोटात गेला असं तिचं म्हणणं होतं, पण तिने लढाई लांबवली नाही. तडजोडीतून 21 महिन्यांची बंदी स्वीकारली, जी नमुना घेतल्याच्या तारखेपासून मोजली गेली आणि जुलै 2023 मध्ये संपली. बाहेर कळलं फेब्रुवारी 2023 मध्ये, म्हणजे शिक्षा बरीचशी भोगून झाल्यावर. पुढच्या वर्षी ताश्कंदला तिने आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं.

दोन्ही प्रकरणं समान नाहीत, पदार्थांचे वर्गही वेगळे. पण वर्गात मी दोन्ही शेजारी ठेवतो. एकीने वेळ वाचवायला लढाई सोडली. दुसऱ्याने नाव वाचवायला वेळ घातला.

काय घडलं

ओलेग लढला. पहिल्या पायरीवर हरला. पूर्ण चार वर्षं. टोकियो गेलंच, पण ते निलंबनामुळे तसंही गेलेलं होतं. या निकालाने पॅरिसही गेलं. 4 नोव्हेंबर 2024 म्हणजे पॅरिस ऑलिंपिक संपून जवळपास तीन महिने. तेव्हा तो 31 वर्षांचा असता.

बंदी म्हणजे नुसतं स्पर्धेला न जाणं नव्हे. बंदीच्या काळात राष्ट्रीय संघासोबत सराव करता येत नाही, महासंघाशी जोडलेल्या क्लबची साधनं वापरता येत नाहीत. परतीची मुभा मिळते ती शेवटचे दोन महिने किंवा शिक्षेचा शेवटचा चतुर्थांश, जे कमी असेल तेवढीच. धावपटू रस्त्यावर धावू शकतो. जिम्नॅस्टला रिंग्ज लागतात, बार लागतात, खाली फोमचा खड्डा लागतो, चुकलं तर धरणारा माणूस लागतो. ही अट या खेळात दुप्पट जाचक आहे. त्यात 24 फेब्रुवारी 2022 पासून पूर्ण देशच युद्धात.

मार्च 2023 मध्ये लवादाने निकाल दिला. नियमभंग झाला हे कायम. पण तो हेतुपुरस्सर नव्हता हे मान्य. शिक्षा दोन वर्षं, 5 नोव्हेंबर 2020 पासून.

म्हणजे ती नोव्हेंबर 2022 मध्येच संपली होती. ज्या माणसाची बंदी कमी केली, त्याची बंदी निकालाच्या दिवशी उरलेलीच नव्हती. चार महिन्यांहून जास्त काळ तो जी शिक्षा भोगत होता ती नंतरच्या हिशेबाने त्याला नव्हतीच. यातली आणखी एक गंमत, गंमत म्हणायचं तर: लिव्हरपूलची 2022 ची जागतिक स्पर्धा 6 नोव्हेंबरला संपली. सुधारित बंदीही त्याच आठवड्यात संपत होती.

तरीही अपील फुकट गेलं असं म्हणता येणार नाही. त्याने मागचे दिवस परत मिळाले नाहीत, पुढचे वीस महिने मिळाले. निकालाच्या पलीकडे पॅरिस होतं.

वेगळं काय करता आलं असतं

रिओबद्दल माझं मत थोडक्यात सांगतो, कारण त्यावर खूप लिहून झालंय. हॉरिझॉन्टल बार हे त्याचं पहिल्यापासून हुकमी साधन नव्हतं, आणि ऑल-अराउंडचा शेवट त्यावर होणार हे वेळापत्रक लागल्या दिवसापासून ठरलेलं असतं. वर्षभरातल्या दोन-चार स्पर्धा गाळून ते महिने त्या एका रुटीनला दिले असते तर? शक्य आहे. पण त्या स्पर्धाच तर त्याची पोटापाण्याची सोय होत्या. अव्वल खेळाडूने कुठे उतरायचं हे बक्षिसाच्या रकमेवर ठरत असेल, तर ती चूक खेळाडूच्या पदरात टाकणं मला पटत नाही.

उत्तेजकांच्या बाजूला मात्र करण्यासारखं बरंच असतं आणि ते नव्याण्णव टक्के कंटाळवाणं असतं. मी प्रशिक्षकांना एक साधी वही ठेवायला सांगतो. तारीख, काय घेतलं, कुणी दिलं, बॅच क्रमांक. प्रत्येक डब्यातल्या चार गोळ्या पाकिटात सीलबंद करून वर्षभर ठेवायच्या. चाचणी आणि नोटीस यांच्यात दोन-अडीच महिने जातात. इथेही ऑगस्टचा नमुना आणि नोव्हेंबरचं निलंबन. एवढ्या काळात डबा रिकामा होऊन कचऱ्यात गेलेला असतो, आणि पदार्थ कुठून आला हे सिद्ध करायचं तर तपासणार काय? ज्या प्रदेशात मेल्डोनियम घराघरांतल्या औषधांच्या डब्यात सापडतं, तिथे तर घरच्यांच्या औषधांचीही यादी हवी. आजीची गोळी आणि नातवाचा प्रोटीनचा डबा एकाच फळीवर नकोत.

वर्गात एकदा एका तरुण प्रशिक्षकाने विचारलं, सर, एवढा अविश्वास ठेवून घरात राहायचं कसं? मी म्हटलं, अविश्वास नाही रे, आपण स्वयंपाकघरात ढेकणाचं औषध वेगळं ठेवतोच की.

तिसरा मुद्दा वेळेचा, आणि इथे माझं बोट खेळाडूकडे नाही. तात्पुरतं निलंबन ते अंतिम निकाल, मध्ये 28 महिने. जिम्नॅस्टच्या आयुष्यात 28 महिने म्हणजे अर्ध्याहून जास्त ऑलिंपिक चक्र. ऑलिंपिकच्या वर्षात आलेल्या प्रकरणांना ठराविक मुदतीत निकाल लागेल अशी सक्ती हवी होती. मागे वळून शिक्षा मोजण्याची सोय नियमात आहे, पण तिने फक्त कॅलेंडरवरची तारीख सरकते. चुकलेली स्पर्धा परत भरत नाही.

राहता राहिला महासंघ. संघाचा आधारस्तंभ बाजूला झाला की बाकीचे उभे राहतात का, हा प्रश्न प्रत्येक राष्ट्रीय प्रशिक्षकाने आधीच विचारलेला असावा. युक्रेनने तो विचारला होता असं दिसतं. डिसेंबर 2020 मध्ये, ओलेग निलंबित असतानाच, मर्सिनला युक्रेनच्या पुरुषांनी युरोपचं सांघिक सुवर्ण जिंकलं. 2021 मध्ये किताक्यूशूच्या जागतिक स्पर्धेत अठरा वर्षांच्या इल्या कोव्हतुनला ऑल-अराउंडचं कांस्य मिळालं.

निष्पत्ती

2023 मध्ये ओलेग पुन्हा स्पर्धेत उतरला. त्याच वर्षी अँटवर्पला युक्रेनने पॅरिसची सांघिक जागा पक्की केली. 2024 च्या वसंतात इटलीतल्या रिमिनीला युरोपियन स्पर्धा झाली. युक्रेन सांघिक विजेता. संघात कोव्हतुन होता, रादिविलोव्ह होता, आणि वेर्न्यायेव होता. लंडनच्या त्या बाकावरच्या पाचांपैकी हे दोघे बारा वर्षांनी अजून त्याच पोशाखात.

पॅरिसमध्ये संघ पाचवा आला. तीस वर्षांच्या ओलेगने पॉमेल हॉर्सची अंतिम फेरी गाठली. पदक नाही. त्याच्या जुन्या साधनावर, पॅरलल बारवर, चीनचा झोउ जिंगयुआन 16.200 गुणांसह पहिला आला, आणि 15.500 घेऊन दुसरा आला कोव्हतुन. रिओतल्या ओलेगच्या सुवर्णानंतर युक्रेनच्या पुरुष जिम्नॅस्टिक्सचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक होतं.